खंडेनवमीला उपाशी राहिलेली गाडी

आमच्या घरची पहिली गाडी आवाज करत नव्हती. त्यामुळे ती खरोखर चालते, हे गल्लीला पटायला बरेच दिवस लागले.

पेट्रोल एकाएकी महागलं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचे हे गिरणीत विजेच्या खात्यात होते. कापडाच्या गाठी इकडून तिकडे नेणारी, बॅटरीवर चालणारी एक बुटकी मालगाडी गिरणीने भंगारात काढली. यांनी ती लिलावात उचलली आणि अंगणात आणून टाकली. मग कितीतरी रविवार हे त्या सांगाड्याखाली उताणे पडलेले असत. पाहुणे आले की मी बाहेर आलेल्या दोन पायांकडे बोट दाखवी आणि सांगे, "ते पाय यांचे आहेत. बाकीचे हे चहाला येतील."

शेवटी जे तयार झालं त्याला मोटार म्हणावं की टांगा, हे आम्ही कधी ठरवलं नाही. चार चाकं, वर रेक्झिनचं छप्पर, मागे वेताचा बाक आणि बाकाखाली ट्रकच्या चार बॅटऱ्या. पुढे एक काटा होता. बॅटरीत वीज किती उरली हे तो सांगे. चालू लागली की बारीक गुणगुण यायची, तेवढीच. सायकलवाला जोर लावून तिला मागे टाकी, आणि टाकता टाकता वळून पाही. चौकातल्या हवालदाराने पहिल्यांदा आम्हाला थांबवलं तेव्हा वाकून सगळीकडून तिच्याखाली पाहिलं आणि यांना विचारलं, "इंजिन घरी विसरले का?"

एवढा खटाटोप यांनी महागाईसाठी केला असं लोक म्हणत. खरं कारण सासूबाई. त्यांना दमा होता. पेट्रोलचा धूर नाकात गेला की त्यांची छाती भरायची. रस्त्याने मोटारसायकल गेली तरी पदर नाकाला लावून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. त्यांचे डॉक्टर रामदासपेठेत, आम्ही राहणार पाचपावलीच्या बाजूला. मधे रेल्वेचा पूल आणि सारं शहर. आईला धुराशिवाय दवाखान्यात नेता यावं, एवढीच यांची इच्छा होती.

आणि मी? मी उमरेडच्या विणकराच्या घरातून आलेली, नुकती कुठे कुंकू सरळ लावायला शिकलेली पोर. पण त्या वेताच्या बाकावर बसले की माझी मान अशी ताठ व्हायची, जणू सीताबर्डीचा किल्ला माझ्या बापाने विणून दिला होता. भाजी घ्यायला चार घरांपलीकडे जायचं असलं तरी मला गाडी हवी. हे म्हणत, "चालत जाऊन येशील तं लवकर येशील." खरंच होतं ते. पण चालत गेल्यावर लोक बघत नाहीत ना.

समोरच्या घरात काकाजी आणि काकू राहत. काकाजी कचेरीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांच्याकडे पेट्रोलवरची काळी, जुनी मोटार होती. सकाळी सुरू करताना ती आधी खाकरायची, मग खोकायची आणि मग निळा धूर सोडून सगळी गल्ली जागी करायची. मी ओट्यावर उभी राहून विचारी, "काकू, रात्रभर खोकला होता का मोटारीले? आल्याचा काढा देऊन पाहा ना."

काकू काही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. तिकडून उत्तर येई, "देतो ना वं. पण लाइन गेल्यावर तुझी गाडी काय खाते, ते तं सांग."

"लाइन काय, जाते आन् येते."

"आमचं पेट्रोल टाकीत बसून राहते माय. जात बी नाही आन् येत बी नाही."

मला हे उत्तर फारच मागासलेलं वाटे. विजेवर चालणाऱ्या गाडीतली बाई मी! येणारा जमाना माझाच होता.

आमच्या लोकांत खंडेनवमीला हत्यार उचलत नाहीत. विणकराच्या घरी तो दिवस मागाचा. आदल्या संध्याकाळी माग झाडून पुसून ठेवायचा, धोटा, फणी, कात्री पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याची पूजा उरकेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला तेवढीच सुट्टी. सासरच्या घरातला माग सासऱ्यांच्या मागे बंद पडला होता, पण मागच्या खोलीत तो होता तसाच उभा होता आणि सासूबाई त्याचा मान चुकू देत नव्हत्या. त्याच पाटावर यांच्या पकडी आणि पानेही मांडले जात. गिरणीत गेला म्हणून मुलगा काही दुसऱ्या कुळाचा झाला नव्हता.

त्या वर्षी अष्टमीला घर पाहुण्यांनी भरलेलं. खाप्याला दिलेली नणंद आपली माणसं घेऊन आलेली. दिवसभर गाडीने देवीच्या दर्शनाच्या खेपा केल्या. प्रत्येकाला त्या बाकावर बसायचं होतं, आणि मला प्रत्येकाला बसवायचं होतं. पाहुणे गेले तेव्हा गाडी अगदी थकून अंगणात आली. यांनी नेहमीसारखी चार्जिंगची पेटी लावली. यांनी स्वतःच बनवलेली ती लाकडी पेटी वीज भरताना हूं हूं करत राहायची.

सासूबाई मागाला हळदकुंकू लावून बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या.

"हे काय बोलून राहिलं गा?"

"चार्जिंग आहे, आई."

"म्हंजे काम चालू आहे."

"काम नाही वं आई, तिचं जेवण समज."

"जेवताना कोणी गुणगुणते का? माग बोलला म्हंजे चालला. हत्याराचंबी तसंच. बंद कर ते. तिलेबी सुट्टी दे."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन अशी त्यांची आशा असावी. पण सासूचा शब्द जमिनीवर पडायच्या आत झेलणारी सून मी, तेही नणंदेने नुकतंच माझं कौतुक केलेलं. मी जाऊन पिन वायरीसकट ओढली, पदराने पुसली आणि पाटावर धोट्याशेजारी ठेवली. एवढ्यावरही माझं भागलं नाही. तिच्या तिन्ही दांड्यांना मी कुंकू लावलं. हे कपाळाला हात लावून आत गेले. पण परत बाहेर येऊन पिन लावली मात्र नाही. पटलं नव्हतं असंही नाही. त्यांच्याही हाताला लहानपणापासून त्या दिवशी धोटा लागू दिला नव्हता कुणी.

समोर काकाजींनीही मोटार धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. तीही सुट्टीवर. फरक एवढाच, की तिच्या पोटात जे होतं ते तिथेच बसून राहिलं. आम्ही मात्र आमच्या गाडीला विश्रांतीच्या नावाखाली उपास घडवला होता. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असेल तर ते यांच्याच.

दसऱ्याच्या दुपारी पूजा झाली. मागच्या खोलीत धुपाचा एवढा धूर, की आरती म्हणणारी माणसं दिसत नव्हती. त्यात मागाच्या कानाकोपऱ्यातून झाडलेली जुनी धूळ. सासूबाई सगळा वेळ तिथेच बसून होत्या. पूजा उरकल्यावर हे पिन घेऊन अंगणात गेले. धोतराच्या टोकाने त्यांनी कुंकू पुसलं. तेवढ्यात वारा सुटला. परतीचा पाऊस असा आडवा आला, की ओट्यावरची आपट्याची पानं शेजारच्या अंगणात गेली. दूर कुठेतरी काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि देव्हाऱ्यावरचा बल्ब विझला.

पिन यांच्या हातातच राहिली.

"येईल थोड्या वेळात," मी म्हणाले.

रस्त्याने भिजत येणाऱ्या एकाने सांगितलं, की चौकातला कडुनिंब तारांवर पडला आहे आणि खांबसुद्धा वाकले आहेत. "आज तं विसरा जी," असं म्हणून तो गेला.

पाऊस कमी झाला, पण हवेत ओल राहिली. संध्याकाळ होता होता सासूबाईंना धाप लागली. आधी त्या नेहमीसारख्या भिंतीला टेकून बसल्या. मग पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले. गोळी दिली, गरम पाणी दिलं, मी पाठ चोळली. एरवी एवढ्याने उतार पडायचा. त्या दिवशी श्वास आत जाताना दिसत होता, बाहेर येताना दिसत नव्हता. ओठ निळसर झाले होते. मला काहीतरी सांगायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि एकही शब्द आला नाही. माझ्या लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं.

हे अंगणात जाऊन काटा पाहून आले. "पुलाच्या अलीकडेच बसेल ही," ते म्हणाले. "चढ नाही चढत."

"रिक्षा आणते," म्हणून मी कोपऱ्यावर पळाले. सायकलरिक्षा ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांच्या हँडलला झेंडू, सगळ्यांच्या गाद्या काढून घरी नेलेल्या. रिक्षाही हत्यारच. मालक सोनं वाटायला गेलेले. मी एकटी त्या हार घातलेल्या रिक्षांच्या रांगेपुढे उभी राहिले, आणि आपण किती धार्मिक शहरात राहतो याचा मला त्या वेळी अजिबात अभिमान वाटला नाही.

उरली होती समोरची मोटार. माझ्या पायांना ते अंगण ओलांडणं जड गेलं. काकूंनी दार उघडलं. माझा चेहरा पाहूनही त्यांनी संधी सोडली नाही.

"काय वं, आमची खोकलेवाली चालेल का तुले?"

"काकू, आत्याबाईले श्वास येऊन नाही राहिला."

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. एवढंच बोलले आणि रडू आलं. काकूंनी पुढचं बोलणं गिळलं. मागे वळून ओरडल्या, "अवो, सदरा घाला! काढा ते लिंबू चाकाखालचं!"

काकाजींनी बटण दाबलं. मोटार खाकरली आणि थांबली. पुन्हा दाबलं. पुन्हा खाकरली, आधीपेक्षा हळू. सुट्टी आणि ओल, दोन्ही तिच्या बॅटरीला बाधली होती. टाकीत पेट्रोल, पण ते पेटवायला लागणारी तेवढीशी वीज नाही. काकाजी स्टिअरिंगला हात लावून बसून राहिले. आमच्या दोघींची सगळी भांडणं एकाच वेळी संपली होती.

तेवढ्यात हे आमच्या बाकाखालची एक बॅटरी पोटाशी धरून आले. तिच्यावर हळदकुंकवाची बोटं होती आणि तारा जोडायच्या एका खिळ्यात झेंडू अडकलेला. पूल चढायला पुरत नव्हती ती वीज, पण इंजिनला एक झटका द्यायला पुष्कळ होती. यांनी तारा जोडल्या. "मारा काकाजी."

मोटार खोकली, गरजली आणि गल्लीभर निळा धूर पसरला.

आता खरा प्रश्न पुढे आला. ज्या धुरापासून सासूबाईंना आयुष्यभर लांब ठेवलं, त्याच धुरात त्यांना बसवायचं होतं. यांनी आईकडे पाहिलं. सासूबाईंनी डोळ्यांनीच हो म्हटलं आणि माझं मनगट धरलं. मी पदर भिजवला, त्यांच्या नाकातोंडावर धरला. मोटारीच्या काचा उतरवल्या. पाऊस आत येत होता, येऊ दिला. बॅटरी यांच्या पायांशी ठेवली, कारण काकाजी म्हणाले, "मधे बंद पडली तं?"

गल्ली सुटली. सगळीकडे अंधार पडत चाललेला. घराघरातून कंदील, दारात सोनं घेऊन उभी असलेली माणसं. मी सासूबाईंच्या तोंडाजवळ कान नेला. काही ऐकू येईना. मोटारीचा आवाज एवढा, की माणूस श्वास घेतो आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती, पण मोटारीत बसलेल्या सगळ्यांच्याच पाठी हलत होत्या. मनगटावरची त्यांची पकड, तेवढी खूण होती. ती सैल झाली की मी म्हणे, "आत्याबाई," आणि त्या पुन्हा आवळत.

पुलाच्या अलीकडे काकाजी म्हणाले, "पेट्रोल घ्या लागते."

टाकीत बसून राहणारं काकूंचं पेट्रोल तळाला गेलं होतं. दर वाढल्यापासून काकाजी घोटाघोटाने भरत.

पंपावर अंधार. मला वाटलं, संपलं. पंपही विजेवरच चालतो हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण पंपवाल्याने आतून एक लोखंडी हँडल आणलं, यंत्राच्या बाजूच्या भोकात घातलं आणि रहाटासारखं फिरवू लागला. पुढे एक ट्रक होता, त्याचं झालं. मग आम्हाला म्हणाला, "इंजिन बंद करा."

"बंद केली तं सुरू नाही होणार गा," काकाजी म्हणाले.

"चालू गाडीत मी नाही टाकत जी. पाव्हणे बसले आहेत आत, भडकलं तं?"

हे पायाशी वाकले, बॅटरीवर हात ठेवला आणि म्हणाले, "करा बंद."

इंजिन थांबलं. आणि त्या शांततेत मला सासूबाईंचा श्वास ऐकू आला. बारीक शिट्टीसारखा, फाटका, पण येत होता. बाहेर हँडल कुरकुरत फिरत होतं आणि आत तो श्वास. पंपवाला फिरवता फिरवता आत डोकावला आणि जास्त जोराने फिरवू लागला. मला वाटलं, असंच इथे बसून राहावं. पुन्हा आवाज सुरू झाला की मला काही कळणार नाही.

यांनी तारा लावल्या. काकाजींनी बटण दाबलं. काही नाही. यांनी तारेचं टोक सदऱ्याला घासलं, कुंकू निघालं, पुन्हा लावलं. मोटार सुरू झाली.

पूल चढून सीताबर्डीच्या बाजूने आम्ही रामदासपेठेत पोचलो. दवाखान्यातही लाइन नव्हती. एका बाईने कंदील धरला, डॉक्टरांनी शिरेत सुई घातली आणि औषध इतकं हळू सोडू लागले, की मला त्यांच्या हाताला धक्का द्यावासा वाटला. मग सासूबाईंचे खांदे जरा खाली आले. मग अजून जरा. डॉक्टर म्हणाले, "एवढा उशीर व्हायला नको होता." कुणामुळे, ते त्यांनी विचारलं नाही. खंडेनवमीची हकीकत सांगायला आम्हीही उत्सुक नव्हतो.

काकाजी बाकावर बसून होते. बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातून आपट्याची चुरगळलेली पानं काढली, एक यांना दिलं, एक मला. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले, आणि मनातल्या मनात त्या काळ्या मोटारीच्याही.

सासूबाईंना डॉक्टरांनी ठेवून घेतलं. आमच्या गल्लीत लाइन आली, यांनी बॅटरी जागेवर बसवली आणि पिन लावली. पेटी हूं हूं करू लागली तेव्हा मी ओट्यावर बसून ते ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला ती खरंच जेवते आहे असं वाटलं.

घरी आणायच्या दिवशी मजा झाली. हे आमची गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात आले, तर काकाजी मोटार घेऊन आधीच हजर. काकूही सोबत, थर्मासमधे चहा. आता कुणाच्या गाडीत बसावं हा मोठा नाजूक प्रश्न. मला बोलायला तोंडच नव्हतं.

सासूबाई पायरीवर थांबल्या. एका हाताने कठडा धरून त्यांनी दोन्ही गाड्या पाहिल्या.

"बाई," त्या काकूंना म्हणाल्या, "तुह्या गाडीनं मले आणलं. मी नाही विसरत. पण जाताना घाई नाही ना मले."

काकू हसल्या. "बस माय, बस. आमची येते मागून. तुझी बसली तं ओढून न्याले."

आम्ही निघालो. काटा बॅटरी भरलेली दाखवत होता. संध्याकाळचं ऊन, रस्ता धुतलेला. मागे काकाजींची मोटार धुरासकट जरा लांबून येत होती, कारण काकूंनी त्यांना तसं बजावलं होतं. पूल आला. गाडी हळूहळू चढू लागली. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

कारण मी ऐकत होते. त्या गुणगुणीच्या वर सासूबाईंचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता. आत जाणारा, बाहेर येणारा. कुठेही न अडकणारा. मी त्यांच्याकडे न पाहता जरा कललेली होते, डोकं त्यांच्या खांद्याच्या इतक्या जवळ, की लोकांना वाटावं सुनेला सासूचं फार प्रेम. पूल संपला, उतार लागला, तरी मी तशीच.

"काय ऐकून राहिली वं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आत्याबाई."

"मंग सरकून बस. जिती आहे मी. आन् घरी गेल्यावर पहिले ते मागाजवळचं धुपाटणं बाहेर नेऊन ठेव. देवालेबी खोकला येत असन."